चंद्राच्या कोपीपुढला सडा

बंगळुरात मी ज्या खोलीत काम करते तिथं धूळ येऊ न देणं हेच काम आहे. अंगभर पांढरा झगा, केस टोपीत, तोंडाला पट्टी, हातात मोजे. आत जाण्याआधी एका अरुंद कपाटात उभं राहायचं. चारी बाजूंनी वारा अंगावर येतो आणि चिकटलेलं सगळं खाली पाडतो. आत गेल्यावर कापडाची चौघडी करायची, एका दिशेनं एकदाच पुसायचं, घडी उलटायची, पुन्हा एकदाच. मागंपुढं घासायचं नाही. हे शिकायला मला दोन दिवस लागले. पण कशालाही हात लावण्याआधी "हे पुसू का? कोरडं का ओलं?" असं दोनदा विचारायची सवय मी येतानाच सोबत आणली होती. इथं काम शिकवणाऱ्या बाईंना मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही. मी हातानं विचारते, त्या हातानं सांगतात, आणि तरी मी पुन्हा विचारते. त्या हसतात. हसू देत. ती सवय मला माझ्या गावच्या, नांदूरघाटच्या वरच्या माळावर लागली.

त्या माळावर एक बंद पडलेलं खडी केंद्र आहे. काळा दगड फोडून तिथं खडी करायचे. केंद्र बंद झालं, यंत्रं गेली, मागं राहिली ती कच. दगड दळल्यावर खाली जे पीठ उरतं त्याला आमच्याकडं कच म्हणतात. माणसाच्या दुप्पट उंचीचे तिचे ढीग होते. एका वर्षी पावसाळा सरल्यावर तिथं बाहेरून जीपगाड्या आल्या आणि महिन्याभरात त्या ढिगांच्या मधोमध एक पांढरं, लांबट घर उभं राहिलं. जाड कापडाचं, आतून लोखंडी कमानी, गोल खिडक्या. चंद्रावर माणसं राहायला गेली तर त्यांच्या घरात धूळ किती शिरेल आणि ती अडवायची कशी, याची ती परीक्षा होती. दोन माणसं एकवीस दिवस आत राहणार. रोज तासभर जाड पोशाख घालून बाहेरच्या कचेत काम करणार, परत आत जाणार, आणि आतली धूळ रोज मोजली जाणार.

आमचाच माळ का, हे मी मॅडमना एकदा विचारलं होतं. मॅडम म्हणजे त्या सगळ्या कामाच्या प्रमुख. मूळच्या पुण्याकडच्या, पन्नाशीच्या, उन्हानं नाक सोललेल्या. त्या म्हणाल्या, "नदीची वाळू वाहून वाहून गोल होते. चंद्रावर ना पाणी ना वारा. कण एकमेकांवर घासतच नाहीत, म्हणून त्यांच्या कडा फुटक्या काचेसारख्या राहतात. तुमची कच ताजी फोडलेली आहे, दगडही तसाच काळा. इतकी चांगली वाईट धूळ मला दुसरीकडे मिळाली नाही." मग त्यांनी बोटावर चिमूटभर कच घेऊन दाखवली. ही कापडात शिरते, रबर कातरते, पंख्याच्या फिरत्या भागात जाऊन बसते, आणि छातीत गेली तर तिथंही बसते.

गावानं त्या घराला लगेच नाव दिलं. चंद्रावरची कोपी. आमची निम्मी गावं दसरा झाला की ऊसतोडीला जातात, आणि फडाजवळ ताडपत्रीच्या कोपीत सहा महिने राहतात, तेव्हा असलं घर बघितल्यावर दुसरं काय सुचणार. हे नाव ठेवलं वॉचमन मामांनी. मामा आमच्या भावकीतले, वय झाल्यामुळं तोडीला जाणं सुटलेलं, काठी आणि शिट्टी घेऊन माळावर बसायचे. कुणी बघायला आलं की सांगायचे, "ह्या कोपीत कोयता न्हाई, ऊस न्हाई, मुकादम न्हाई. नुसतं बसायचं अन् धूळ मोजायची. आपलं नशीब बघा, आपुन जन्मभर धूळ खाल्ली, कुणी मोजली न्हाई बे!"

मला तिथं कामाला लावलं ते मामांनीच. मी सातवीपर्यंत शिकलेली. आठवीला नाव घातलं होतं, पण त्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळायला आई-बापासोबत फडावर गेले आणि परत आले तेव्हा वर्ग पुढं गेला होता. पुढं लग्न झालं, ते दोन वर्षांत मोडलं, मी माहेरी आले. नवऱ्यानं सोडलेल्या बाईला कुणी तोंडावर काही बोलत नाही. फक्त कुणाच्या घरी लग्न असलं, वास्तुशांत असली की दारात रांगोळी काढायला दुसऱ्या बायकांना हाक जाते. मला भांडी घासायला बोलवायचे. माझ्या हातची रांगोळी फार सुबक असायची, शाळेत असताना बाईंनी वर्गात सगळ्यांना दाखवली होती. ती आता कुणाला चालत नव्हती.

भाऊ आणि भावजय त्या वर्षी तोडीला निघणारच होते. माळावरचं काम टिकलं तर मी गावात राहणार होते, नाहीतर त्यांच्यासोबत अर्धा कोयता म्हणून जाणार होते. जोडी म्हणजे एक कोयता, एकटी बाई म्हणजे अर्धा. म्हणून मी त्या कामाला जिवापाड जपत होते. कच दंताळ्यानं सारखी करायची, बाहेरच्या उपकरणांवरची धूळ मऊ ब्रशनं काढायची, ठरलेल्या जागी काचेच्या छोट्या पट्ट्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी उचलून मॅडमच्या शेडमध्ये न्यायच्या. शेडमध्ये भिंग लावलेला पडदा होता. त्या पट्टीवरची धूळ पडद्यावर दिसायची तेव्हा माळावरचे धोंडेच दिसायचे, काळे, अणकुचीदार.

आत जाणाऱ्या दोघांत एक अबोल इंजिनियर होता, केरळकडचा. दुसरी होती परळीची एक पोरगी. माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, पण एवढं शिकलेली की मी पहिल्या दिवशी तिला ताई म्हणाले. ती म्हणाली, "ताई कुणाला म्हनती गं आक्का? मी तुझ्याहून बारकी हाय. अन् हितं सगळे माझ्याशी इंग्लिश बोलतेत, तू तरी माणसासारखी बोल." तिचं बालपण परळीला वीजकेंद्राच्या राखेत गेलं होतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, अंगणात राख, झाकून ठेवलेल्या दुधावरसुद्धा. ती म्हणायची, "आईनं जन्मभर राखंशी भांडण केलं. मला त्या भांडणाची पदवी मिळाली."

घर बंद करायचा दिवस सोमवार होता. नऊ वाजता दोघं आत जाणार. मी सातलाच माळावर पोचले. घराला दोन दारं होती. बाहेरचं दार, मग एक लहान मधली खोली, मग आतलं दार. मधल्या खोलीत पोशाख झाडून काढायचा आणि मगच आत जायचं. बाहेरच्या दाराला लोखंडी उंबरा होता, त्याच्या खाचेत बोटाएवढं जाड काळं रबर बसवलेलं. दार लावलं की रबरावर दाबून बसायचं आणि वारा बंद. रबर बसवताना त्याचं एक टोक मीच धरलं होतं.

तो उंबरा बघून मला कसंतरी झालं. दोन माणसं नव्या घरात राहायला जाणार, तेही एकवीस दिवस, आणि दार कोरडं. पोरीच्या घरचं कुणी आलेलं नव्हतं. आमच्याकडं गोठ्यात नवं वासरू आणलं तरी दारात पाणी टाकतात. मॅडमनी आधीच बजावलं होतं, घराच्या आत पाण्याचा थेंबही नको. मी आत टाकलंच नाही. उंबरा आत का बाहेर, हे मी कुणाला विचारलं नाही. मी एक तांब्या पाणी शिंपडलं, कच खाली बसली, आणि वर चार पाकळ्यांची छोटी रांगोळी काढली. हळद-कुंकवाची बोटं ओढली. दोन वर्षांनी मी कुणाच्या तरी दारात रांगोळी काढत होते.

मामा म्हणाले, "शोभलं बघ. आता वाटतंय कुणीतरी ऱ्हातंय."

नऊ वाजता इंजिनियर कुणाकडं न बघता आत गेला, मागून परळीची पोरगी पोशाख घालून आली. मॅडम मागं फोनवर होत्या, त्यांचं खाली लक्ष नव्हतं. तोवर वाऱ्यानं निम्मी रांगोळी नेली होती. पोरीनं खाली बघितलं, हेल्मेटच्या काचेतून माझ्याकडं बघून हसली आणि पाय उंच उचलून ओलांडून गेली. तरी तिच्या बुटाची टाच पाकळीवर पडलीच. दार लागलं.

बुधवारपर्यंत सगळं नीट होतं. गुरुवारी आतल्या पट्ट्यांचे फोटो आले तेव्हा मॅडम पडद्याजवळ वाकून बसल्या. काळे कण वाढले होते. आणि त्यांच्यात मधूनमधून पांढरे.

"हे काय?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पांढरं कुठून आलं?"

मी बाहेरच्या पट्ट्या हातात घेऊन मागं उभी होते. मला ते बघताच कळलं. आता वाटतं की तेव्हा फक्त शंका आली असावी, पण नाही, मला कळलंच होतं. पट्ट्या खाली ठेवताना माझ्या हातून एक फुटली.

शुक्रवारी धूळ आणखी वाढली. मॅडमच्या वरचे बंगळूरचे साहेब फोनच्या पडद्यावर आले. ते हिंदीत बोलत होते, म्हणून मला समजलं. ते म्हणाले, पोशाख नीट झाडत नाही ती मुलगी, आणि तोंडाला पावडर लावत असणार. नियमात पावडर, अत्तर, काहीच चालत नव्हतं. मॅडमनी वॉकी-टॉकीवरून तिला विचारलं. तिचा आवाज आला, "नाही मॅडम. मी काहीही लावत नाही."

"मग पांढरं काय आहे?"

मग ती म्हणाली, "माहीत नाही."

तिला माहीत होतं. तिनं रांगोळी बघितली होती, तिच्या टाचेलाच ती लागली होती. मी वाट बघत होते की आता ती माझं नाव घेईल. तिनं घेतलं नाही. साहेब म्हणाले, रविवारी संध्याकाळपर्यंत आकडा खाली आला नाही तर तिला बाहेर काढा, दुसऱ्याला आत घाला, आणि जे झालं ते लेखी नोंदवा. म्हणजे ती खोटं बोलते, असं कायमचं लिहून राहणार होतं.

त्या दिवसापासून ती रोजच्या ठरल्या वेळेच्या तिप्पट वेळ पोशाख झाडायला लागली. मधल्या खोलीच्या गोल खिडकीतून ती मला दिसायची. ब्रश वरून खाली, वरून खाली, खांदे, कोपरे, गुडघे, बुटाच्या शिवणी. मोजे काढून नुसत्या हातानंसुद्धा. ती कच नुसत्या हातानं झाडली की कातडी सोलते. मामा बघत बसले होते. म्हणाले, "कावून एवढं घासती गं ती? कडई हाय का ते?"

मी मामांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काठीनं मातीत रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "गप ऱ्हा. इचारलं तर न्हाई म्हणायचं. रांगोळी मीबी बगितली न्हाई. पोरगी शिकलेली हाय, तिला धा नोकऱ्या. तू हितून गेलीस तर सरळ फडावर."

"पण मामा, ती माझं नाव घेईना."

"मंग चांगलं झालं की. तिचं मन मोठं हाय. आपुन बारक्या मनाची माणसं, आपल्याला परवडतं तेवढंच करावं." असं म्हणून ते उठून गेले. ते वाईट बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही. ते माझ्यासाठीच बोलत होते.

खरी भीती मला कामाची तेवढी नव्हती, हे लिहिताना लाज वाटते पण तसंच होतं. मला वाटत होतं, गाव म्हणतं ते खरंच निघालं. दोन वर्षांनी कुणाच्या दारात हात लावला आणि चार दिवसांत त्या घराला दोष लागला. ही गोष्ट मी माझ्या तोंडानं मॅडमना सांगायची म्हणजे माझ्या हाताबद्दल लोक जे कुजबुजतात त्याला मीच साक्ष द्यायची.

शनिवारी दुपारी माळावर कुणी नव्हतं. मॅडम केजला गेल्या होत्या, मामा जेवत होते. मी उंबऱ्याजवळ जाऊन खाली बसले. तिथं बघितलं तेव्हा नुसतं पांढऱ्या कणांचं प्रकरण नव्हतं. पाण्यानं कच भिजली होती आणि खाचेत, रबराला धरून, उन्हानं वाळून सिमेंटसारखी बसली होती. एका जागी बोटभर लांबीचा करकरीत थर. दार त्याच्यावर टेकत होतं, रबरावर टेकतच नव्हतं. नखाच्या जाडीएवढी फट राहिली होती, आणि माळाचा वारा रोज त्यातून आत कच फुंकत होता. म्हणजे काळी धूळही माझीच.

मी केसातला आकडा काढला. खरवडून टाकायचं आणि विसरून जायचं, असं ठरवलं होतं. आकडा थराला लावला तेवढ्यात दार उघडलं. ती बाहेरच्या कामाची वेळ होती आणि मी ती विसरले होते. परळीची माझ्यासमोर उभी, पोशाखात, हातात खोरं. हेल्मेटमुळं तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तिनं माझ्या हातातला आकडा बघितला, खाली खाचेकडं बघितलं. मग खोरं खाली ठेवून मोज्यातला हात जोरजोरात हलवला. नको. मी दचकून मागं सरकले. तिनं एकदा शेडकडं बघितलं, तिथं कुणी नाही हे पाहिलं, आणि मला हातानं खूण केली, जा, ऊठ, जा. कुणी बघायच्या आत जा.

ती मला अजूनही लपवत होती. काचेआड तिचे डोळे सुजलेले दिसत होते.

मी शेडच्या पायरीवर जाऊन बसले आणि मॅडमची जीप येईपर्यंत तिथून हलले नाही. हलले असते तर परत धीर झाला नसता. जीप आली, मॅडम उतरल्या, हातात पाण्याचे जार होते ते मला धरायला दिले. मी जार धरूनच बोलले.

"मॅडम, ती पावडर लावत न्हाई. ती माझी रांगोळी हाय."

त्यांना पहिल्यांदा समजलंच नाही. मी सगळं सांगितलं. तांब्या, सडा, रांगोळी, खाच, आकडा. शेवटी तेही सांगितलं, की माझ्या हातची रांगोळी गावात चालत नाही, मला ठाऊक असून मी काढली.

मॅडमनी जार माझ्या हातातून काढून खाली ठेवले. "किती पाणी?"

"एक तांब्या."

"रांगोळी उरली आहे?"

पिशवीत पुडी होती. त्यांनी चिमूटभर भिंगाखाली धरली. पडद्यावर तेच पांढरे खडे आले, आतल्या फोटोतले. त्या खुर्चीत मागं टेकल्या आणि डोळे मिटून बसल्या. मग रागावल्या. मी त्यांना तसं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं, आवाज चढला नव्हता तरी.

"तुला कळतंय का काय झालं ते? इथे फटीतून धूळ आत आली. तिथे वर त्याच फटीतून हवा बाहेर गेली असती. आतली माणसं मेली असती. आणि गुरुवारी कळलं तुला. आज शनिवार. हे दोन दिवस त्या मुलीनं काय ऐकून घेतलंय, तू इथेच उभी होतीस ना?"

मी मान हलवली. रडू येत होतं पण रडायचा मला हक्क नव्हता.

मग त्या म्हणाल्या, "आणि एक नीट ऐक. तुझ्या हाताचा यात काही संबंध नाही. पाण्याचा आहे. हेच पाणी माझ्या हातून पडलं असतं तरी एवढंच कडक झालं असतं. कच माणूस ओळखत नाही."

हे वाक्य त्यांनी चिडूनच म्हटलं होतं, माझी समजूत काढायला नाही. म्हणूनच मला ते खरं वाटलं.

त्यांनी वॉकी उचलली आणि परळीच्या पोरीला विचारलं, "रांगोळी तू पाहिली होतीस?"

"हो मॅडम."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं बुटाचं आहे, दोन दिवसांत संपेल. आणि… ती माझ्यासाठी काढली होती, मॅडम."

"दोघी मिळून माझी आठवड्याची मोजणी कचऱ्यात घातलीत," मॅडम म्हणाल्या आणि वॉकी टेबलावर आदळली.

आता खाच साफ कशी करायची हा प्रश्न होता. बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही, कारण चंद्रावर कोण जाणार मदतीला. पाणी नाही. खरवडायचं नाही, रबर कातरलं तर संपलं. मॅडम दुसऱ्या माणसांशी फोनवर बोलत होत्या, कुणी हवेचा फवारा म्हणत होतं, कुणी काही. मी दाराशी उभी होते. कुणी मला विचारलं नव्हतं. पण बैलाचं दावं चिखलानं माखलं की ते सुरीनं कुणी खरवडत नाही, दावं तुटतं. वाळू देतात आणि पीळ घालतात, चिखल आपोआप तडकून पडतो. मी हळूच म्हणाले, "मॅडम, ते रबर खाचेतून उपसून निघतं. बसवताना मी धरलं होतं. काढून पिळलं तर?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. अजून राग होताच. पण त्यांनी तेच वॉकीवर सांगितलं.

पोरीनं आणि त्या अबोल इंजिनियरनं आतून रबर उपसलं. दोघांनी दोन टोकं धरून पिळलं. मी खिडकीतून बघत होते. थर तडकला, खपल्या पडल्या, त्यांनी त्या धूळ ओढणाऱ्या नळीनं उचलल्या, रबर परत दाबून बसवलं. सगळ्या खपल्या निघाल्या नाहीत. एका कोपऱ्यात दोन दिवस लागले. पण मंगळवारच्या पट्टीवर काळे कण निम्म्यावर आले होते.

मॅडमनी मला नोंदवहीत जे झालं ते माझ्या शब्दांत, माझ्या हातानं लिहायला लावलं. सातवीनंतर मी पहिल्यांदा एवढं लिहिलं. "मी बाहेरच्या उंबऱ्यावर पाणी टाकले" हे वाक्य लिहायला मला पाव तास लागला असेल. पोरीच्या नावापुढं साहेबांनी जे लिहायला सांगितलं होतं ते लिहिलं गेलं नाही. मला काढलंही नाही. का काढलं नाही हे मी आजवर मॅडमना विचारलेलं नाही. पुढं त्यांनीच मला इकडं बोलावून घेतलं तेव्हाही विचारलं नाही. त्यांच्या उपकाराबद्दल विचारायला गेलं की तो कमी होईल अशी काहीतरी भीती वाटते.

पण पहिला आठवडा बाद झाला होता. तो भरून काढायला परीक्षा सात दिवस वाढवली. त्या सात दिवसांत दिवाळी होती.

पाडव्याच्या दिवशी सकाळी माळावर एक रिक्षा आली. त्यातून एक बाई उतरल्या, काष्टी पातळ, हातात स्टीलचा मोठा डबा. परळीहून रेल्वे, एसटी आणि रिक्षा असं करत आल्या होत्या. पोरीची आई. त्यांना वाटलं होतं निदान दिवाळीला दार उघडतील. मामांनी त्यांना नियम सांगितला आणि काठीनं माझ्याकडं दाखवून ते लांब जाऊन बसले. मी त्यांना खिडकीजवळ दगडावर बसवलं, पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "एकवीस दिस म्हनली व्हती. आज पंचविसावा हाय. मशीन बिघडलं का काय?"

मला सांगावंच लागलं. मी उभी राहून सांगितलं, सगळं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "म्हंजी तुझ्यापायी माझी लेक दिवाळीला डब्यात बसली?"

"हो मावशी."

"अन् ती तुझ्यापायी बोलणी खात बसली."

"हो."

माझ्या मनात आलं, आता त्या उठतील, नाहीतर शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तरी मी उभीच राहिले असते. तेवढ्यात आतून खिडकीवर टकटक झाली. पोरगी काचेला नाक लावून उभी होती, हातात वॉकी. मॅडमनी तिला दहा मिनिटं दिली होती. मी माझी वॉकी मावशींच्या हातात दिली, बटण कुठलं ते दाखवलं. मावशी बटण न दाबताच लेकीशी बोलायला लागल्या, जेवली का, वाळली किती, केस कावून असे. मी हात धरून बटण दाबलं. मग दोघी एकदमच बोलायला लागल्या, मग दोघी एकदमच थांबल्या.

मावशींनी डोळे पदरानं पुसले, डबा उघडला. करंज्या, चकल्या, शेव. त्यांनी एक करंजी उचलली, लेकीला खिडकीतून दाखवली, आणि वळून माझ्या हातात ठेवली.

"खा. तिला तर आत नेता येत न्हाई. कुणीतरी खाल्लीच पायजे."

"मावशी, मी…"

"खा म्हनलं ना. उपाशी माणसासमोर मला राग धरता येत न्हाई."

वॉकीतून आवाज आला, "आई! माझ्या डोळ्यादेखत तिला देती का? सगळं तिनंच केलंय!"

"म्हनूनच देती," मावशी म्हणाल्या. "तू गप. तुलाबी बोलायला तोंड न्हाई, लपवून ठेवणारीला."

मी करंजी खाल्ली. मावशींनी माझ्या हातात चकली ठेवली, मग शेव, आणि आत पोरगी काचेवर हात आपटून हसत होती आणि ओरडून सांगत होती, चकल्या तिला देऊ नको, चकल्या ठेव, अजून तीनच दिस राहिलेत.